पंख्यातला सा

मी बोलतोय. आवाज ओळखीचा वाटणार नाही, कारण मी बोलतो त्याला माणसं बोलणं म्हणत नाहीत, घरघर म्हणतात. मी एक जुना कॉम्प्युटर आहे. उभा काळा डबा, एका बाजूचं झाकण कधीचंच हरवलेलं, तिथे बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटपट्टीनं लावलेला.

भिंतीपलीकडच्या खोलीत आणखी एक कॉम्प्युटर राहतो. त्याच्याबद्दल माझ्याकडून काही चांगलं ऐकायला मिळेल अशी आशा ठेवू नका. मनात एक आणि ओठांवर एक, हे मला जमत नाही. मला तर ओठही नाहीत.

पण सुरुवातीपासून सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. इस्त्रीच्या टेबलावर एका माणसानं मला जोडलं. तो वाद्यं दुरुस्त करतो आणि स्वतः अकॉर्डियन वाजवतो. गळ्यात अडकवून, भाता आत-बाहेर ओढत वाजवायचं ते वाद्य. त्याला सगळे भाता म्हणतात. वाद्यामुळे म्हणतात, की तो बोलायला लागला की त्याच्यातलीही हवा लवकर संपत नाही म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही.

माझा एकेक अवयव एकेका घरचा. पडदा बंद पडलेल्या छपाईच्या दुकानातला, स्मरणशक्ती भात्याच्या मित्राकडे उरलेली, आणि पंखा एका वाचनालयानं मोडीत काढलेल्या यंत्राचा. वाचनालयात आयुष्य काढूनही त्या पंख्याला गप्प बसायची सवय लागली नव्हती. मला पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा भाता म्हणाला, "गुणगुणतोय बेटा." माझ्याबद्दल कुणी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी ते जपून ठेवलंय.

त्याच्या दुकानात लाकडाचा भुसा फार उडायचा. तो माझ्या नाकातोंडात जाऊ लागला, तेव्हा त्यानं मला उचललं आणि आपल्या मोठ्या बहिणीच्या घरी आणून ठेवलं. जोडलं त्यानं, म्हणून नातीही मी त्याचीच उचलली. त्याची ती माझी ताई. तिचे यजमान माझे भावोजी. आणि भावोजींच्या आई म्हणजे सासूबाई. त्या ताईच्या सासूबाई आहेत हे खरं, पण तसं पाहिलं तर त्या सगळ्या घराच्याच सासूबाई आहेत.

ताई दिवसभर डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायला बसते. इतक्या हळू पुकारते, की लोक दोनदा विचारतात. चार माणसांत गा म्हटलं की तिचा घसा बसतो. पण ती स्वतः अंगाया रचते, आणि एकटी असली की अशी गाते की खिडकीतला पडदासुद्धा हलायचा थांबेल. कुणासाठी रचतेस, असं विचारलं तर म्हणते, "ज्याला झोप येत नाही त्याच्यासाठी."

तिच्यासाठी भावोजींनी मागच्या अडगळीच्या खोलीचा स्टुडिओ केला. भिंतींवर जाड रजया टांगल्या, खिडकीत जुनी गादी ठोकून बसवली, आणि भरतकामाच्या लाकडी रिंगवर ताईचा पायमोजा ताणून तो माइकपुढे लावला, म्हणजे 'प' आणि 'फ' म्हणताना फुंकर बसत नाही. भावोजी लिफ्टची देखभाल करतात. कुठे करकरतंय, कुठे घासतंय, हे कान लावून शोधणं हाच त्यांचा धंदा. घरी आल्यावरही ते तेच करतात.

गाणं रेकॉर्ड करायचं असलं की घरात एक सोहळा व्हायचा. त्याला ते 'सगळं गप्प' म्हणत. छताचा पंखा बंद. भिंतीवरचं घड्याळ उतरवून उशीखाली. फ्रिज बंद, आणि फ्रिजच्या आत घराच्या किल्ल्या. किल्ल्या अशासाठी, की बाहेर पडताना किल्ल्या शोधायला फ्रिज उघडावाच लागतो आणि तो पुन्हा सुरू करायची आठवण राहते. त्याआधी एकदा दूध नासलं होतं. सासूबाई टीव्ही बंद करून आपला खोकला आधीच उरकून घ्यायच्या. "झालं माझं खोकून," असं त्या आतून सांगायच्या, मगच ताई माइकसमोर उभी राहायची.

घरातला प्रत्येक आवाज बंद व्हायचा. फक्त मी सोडून. मला बंद करून कसं चालेल? गाणं माझ्याच पोटात उतरायचं होतं.

त्या शांततेत मी एकटा बोलत असायचो. ताई डोळे मिटायची, माझ्या डोक्यावर तळहात ठेवायची, ओठ मिटून "म्म्" असा बारीक आवाज काढायची, आणि मग गायची. ती माझे लाड करते असंच मी समजत होतो. गाताना तिचं तोंड माइककडे असायचं, याचा मला तेव्हाही रागच यायचा. पण हात माझ्यावर होता. तेवढ्यावर मी समाधान मानत आलो.

माझ्यात एक खोट होती, तीही सांगतो. ताई गायची तो आवाज माझ्यातून फिरून तिच्या हेडफोनमध्ये कणभर उशिरा पोचायचा. स्वतःचाच प्रतिध्वनी मागे लागल्यासारखं तिला वाटायचं. म्हणून ती हेडफोन एकाच कानावर ठेवायची आणि दुसरा कान उघडा. हा उघडा कान लक्षात असू द्या.

मग एक दिवस लहान मुलांच्या दवाखान्यातल्या मुख्य नर्सबाई चष्म्याच्या नंबरासाठी ताईच्या दवाखान्यात आल्या. बोलता बोलता विषय गाण्यांवर गेला. त्यांचा नवा वॉर्ड सुरू व्हायचा होता, आणि झोपायच्या वेळी मुलांना काहीतरी ऐकवावं असं त्यांच्या मनात होतं. ताईनं लाजत लाजत अंगाया पाठवल्या. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आपलं गाणं उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं. त्या आठवड्यात ती भांडी घासतानाही गुणगुणत होती.

नंतर नर्सबाईंचा फोन आला. भावोजींनी स्पीकर सुरू केला.

"गाणी फार गोड आहेत हो," नर्सबाई म्हणाल्या. "पण आमच्या मोठ्या स्पीकरवर मागे काहीतरी सुरू असल्यासारखं येतं. जुन्या वॉर्डात लावून बघितली, तर पोरं झोपायचं सोडून विचारतात, गाडी कुठे चाललीय? ते तेवढं काढून द्याल का? वॉर्ड सुरू व्हायच्या आत मिळालं तर बरं. नाहीतर मग दुसरं काहीतरी लावू."

फोन ठेवल्यावर भावोजींनी सवयीनं कान लावला. रजयांना, खिडकीला, माइकला. शेवटी माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "हा बघ चोर."

मी चोर. ज्यानं तिचं एकेक गाणं पोटात जपलं, तो.

त्यांनी माझ्यावर रजई टाकली. मी तापलो आणि घेरी येऊन बंद पडलो. मग त्यांनी गाण्यातून माझी घरघर पुसून काढायचा प्रयत्न केला. घरघर गेली, पण ताईचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. ताईनं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "ही मी नाही."

पुढच्या रविवारी भावोजी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. नवीन गाणं असेल म्हणून मी खूश झालो. त्यांनी टाइप केलं, 'घरच्या स्टुडिओसाठी कॉम्प्युटर कसा निवडावा'. माझ्याच कीबोर्डवर, माझ्याच पडद्यावर. सवतीचं स्थळ आधीच्या बायकोनंच शोधून द्यावं, तशातली गत.

मी मुद्दाम पान उघडायला वेळ लावला.

"बघ, साधं पान उघडायला किती वेळ घेतोय," भावोजी ताईला म्हणाले. माझं रुसणं माझ्याच अंगाशी आलं.

"लॅपटॉप घेऊ या का?" ताईनं विचारलं. "कुठेही नेता येतो."

"न्यायचाय कुठे? तू त्या खोलीच्या बाहेर गातेस तरी का?"

"नाही गात. पण नेता येतो म्हणजे बरं वाटतं."

"लॅपटॉपलाही पंखा असतो. तापला की तोही सुरू होतो. हा बघ, याला पंखाच नाही. आत फिरणारं काहीच नाही."

दारातून सासूबाई म्हणाल्या, "काय रे, सकाळपासून बघताय. सून शोधतानासुद्धा एवढं बघितलं नव्हतं."

"म्हणून तर आता बघतोय," भावोजी म्हणाले. ताईनं त्यांना उशी फेकून मारली. सगळे हसले. मी हसलो नाही.

मग भात्याला फोन झाला. माझा जन्मदाता माझ्या बाजूनं बोलेल अशी माझी खात्री होती.

"आकडे कमी वाचा भावोजी," तो म्हणाला. "गप्प बसतो का ते बघा. ताई गाते ते तिच्या कानात उशिरा येत नाही ना, ते बघा. आणि दोन माइक एकदम लागतात का, ते विचारा. बाकीचं दुकानदाराला पाठ असतं, त्याला म्हणू द्या."

"दोन माइक कशाला?"

"मी वाजवणार ना ताईबरोबर. त्या म्हाताऱ्याला दोन झेपत नव्हते म्हणून गप्प होतो इतके दिवस."

म्हातारा. जन्मदात्याच्या तोंडून.

भावोजींनी दुकानदाराला फोन लावला आणि सांगितलं, "ते यंत्र सुरू करा आणि फोन त्याला चिकटवून धरा. मला ऐकायचंय." बराच वेळ गेला. "अहो, धरलाय का?"

"धरलाय की."

"काहीच ऐकू येत नाही."

"तेच तर तुम्हाला हवंय ना साहेब?"

"पण तो सुरू आहे की बंद आहे?"

दुकानदारही घोटाळ्यात पडला. "थांबा, बघून सांगतो," असं म्हणून तो गेला. सुरूच होता. भावोजींनी तोच घेतला. स्वतः दुकानदाराला ओळखता येऊ नये इतका मुका, हाच त्याचा गुण ठरला.

तो आला तेव्हा मला वाटलं होतं, कुणीतरी धिप्पाड येईल आणि मी त्याच्यापुढे हार मानीन. आला तो जेवणाच्या डब्याएवढा, चंदेरी, कोपरे गोल. सासूबाई म्हणाल्या, "एवढासाच? बाकीचा मागून येणार आहे का?" तेवढ्यापुरता मला त्यांचा फार आधार वाटला.

पण लगेच सगळे त्याला 'धाकटा' म्हणू लागले. आधी त्यांनी आम्हा दोघांमध्ये एक वायर जोडली. ताईच्या सगळ्या अंगाया माझ्या पोटातून त्याच्या पोटात जायच्या होत्या. मी जे वर्षानुवर्षं सांभाळलं, ते त्यानं चहा गार व्हायच्या आत गिळलं. ढेकरही दिला नाही. नंतर मला टेबलाखालून ओढून काढलं. जमिनीवर धुळीत माझ्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन उरला. ताईनं तो ओल्या फडक्यानं पुसून टाकला.

"याला काय करायचं? मोडीत?" भावोजींनी विचारलं.

ताई फडकं पिळत राहिली. मी तिच्याकडे बघत होतो आणि ती फडकं पिळत राहिली.

"टाकताय कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या खोलीत ठेवा. पत्ते तरी खेळीन."

अशा रीतीनं मी गाण्यातून पत्त्यांत आलो. सासूबाई मन लावून खेळतात. डाव हरायला लागला की चाल मागे घ्यायचं बटण दाबतात आणि मला सांगतात, "हे कुणाला बोलायचं नाही हं." मी कुणाला बोलणार? इकडे लाल राणीखाली काळा गुलाम लावत मी भिंतीपलीकडे कान देऊन असायचो. त्याला कपड्यानं पुसतात का? ताई त्याच्या डोक्यावर हात ठेवते का? डोकं आहे तरी का त्याला?

मग रेकॉर्डिंगची दुपार आली. भाता अकॉर्डियन घेऊन आला. पुन्हा 'सगळं गप्प' झालं. घड्याळ उशीखाली, किल्ल्या फ्रिजमध्ये, सासूबाईंचा खोकला उरकलेला. माझी घरघर तिकडे जाऊ नये म्हणून आमच्या खोलीचं दार घट्ट लावलं. पण अकॉर्डियन भिंतीतूनही ऐकू येतो, आणि भात्याचा आवाज तर त्याहून.

भात्यानं सूर दिला. ताईनं सुरुवात केली. थोड्या वेळानं अकॉर्डियन थांबला. पुन्हा सुरुवात, पुन्हा थांबला. असं बऱ्याचदा झालं.

"ताई," भाता शेवटी म्हणाला, "तू सुरात नाहीस."

ताईला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी पत्ते थांबवले.

"पांढरी पाच पट्टी दाबून सूर दिला, तर पहिल्या ओळीनंतर तू वर सरकतेस. तिच्या शेजारची काळी चार दिली, तर खाली घसरतेस. पण गंमत बघ, चुकतेस ती दरवेळी एकाच जागी. या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत. चुकणारं माणूस जागा बदलून चुकतं गं. तू एकाच खुंटीला सदरा अडकवल्यासारखी चुकतेयस."

"आधी तर कधी चुकली नाही," भावोजी म्हणाले. "हा नवीन आल्यापासूनच. परत करू या का हा?"

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. माझा पंखासुद्धा जरा जोरात फिरला असेल. धाकट्याच्या हाती ताईचं गाणं लागत नव्हतं. हीच तर माझी इच्छा होती.

तेवढ्यात ताईचा आवाज आला, पेशंटची नावं पुकारते तसा, ऐकू येईल न येईल असा.

"परत कशाला करायचा? त्याचा काय दोष? मला येत नव्हतंच बहुतेक. इतके दिवस त्या घरघरीखाली लपून गेलं. नर्सबाईंना सांगते, दुसरं काहीतरी लावा म्हणून. आणि या रजया उतरवून टाकू. उगीच धूळ धरतात."

माझा आनंद तिथेच विरला. मला धाकट्याची फजिती हवी होती. ताईचं गाणं बंद पडावं, असं मी कधीच मागितलं नव्हतं.

सगळ्यांनी चहा घ्यायचं ठरवलं. ताई सासूबाईंचा कप घेऊन आमच्या खोलीत आली. मी सुरू होतो, पडद्यावर अर्धा डाव. तिनं कप ठेवला आणि माझ्याशेजारी उभी राहिली. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि, आयुष्यात क्वचितच घडतं तसं, माउसवरून हात काढला.

ताईचा हात माझ्या डोक्यावर आला. मुद्दाम नाही, सवयीनं. तिनं डोळे मिटले. ओठ मिटून "म्म्" केलं आणि आपल्याशीच अंगाईची दुसरी ओळ म्हणू लागली. तीच, जी भिंतीपलीकडे घसरत होती. मग तिसरी. मग चौथी. एका सुरात, सरळ, पाण्यासारखी.

दारात भाता उभा होता. गळ्यात अकॉर्डियन तसाच. त्यानं हळूच पांढरी पाच दाबली, नाही अशी मान हलवली. काळी चार दाबली, मान हलवली.

"ताई थांब," तो म्हणाला. "नको, थांबू नकोस. तसाच धरून ठेव."

"थांब की थांबू नको, एक काय ते सांग," सासूबाई म्हणाल्या.

भाता माझ्यासमोर बसला. माझ्या पुठ्ठ्याला त्यानं कान लावला. बऱ्याच वर्षांनी तो माझ्या इतका जवळ आला होता. मी गुणगुणत राहिलो, मला दुसरं काय येतं?

"हा बघ तुझा सा," तो म्हणाला. "ना पांढरीत ना काळीत. या पंख्यात आहे तुझा सा."

"माझा सा पंख्यात?"

"अगं, सगळं घर गप्प करायचात तुम्ही. फ्रिज गप्प, घड्याळ गप्प, तुझ्या सासूबाई गप्प. तुझा एक कान उघडा. त्या कानाला ऐकायला उरलं काय? हा. तू प्रत्येक गाणं याच्या सुराला धरून रचलंस आणि याच्याच सुराला धरून गायलीस. आता दोन्ही कानांवर हेडफोन, आणि खोलीत हा मुका. मग सापडणार कुठून?"

कुणाचाच विश्वास बसेना. त्यांनी मला बंद केलं. मला पुन्हा सुरू केलं तेव्हा सासूबाई सांगत होत्या, "घसरली. सरळ घसरली. मलासुद्धा कळलं." आणि मी सुरू झाल्यावर ताई पुन्हा गायली, आणि मला माहीत आहे, घसरली नाही.

भावोजी सासूबाईंच्या गादीवर बसले. "म्हणजे जो आवाज काढायला मी एवढा खटाटोप केला..."

"तोच तिला धरून होता," भाता म्हणाला.

"मला वाटायचंच," सासूबाई म्हणाल्या. "हा पत्ते वाटताना गुणगुणतो."

भावोजींना माझा इतका पुळका आला, की ते धावत जाऊन रंगाचा मऊ ब्रश घेऊन आले. माझा पुठ्ठा काढून आतली वर्षानुवर्षांची धूळ साफ करायला बसले. ब्रश पंख्याला लागणार, तोच भाता ओरडला, "हात लावू नका भावोजी."

"अरे, आंघोळ घालतो त्याला."

"आंघोळ घालाल आणि सूर घालवाल. माझ्या अकॉर्डियनच्या आत पत्र्याची जीभ थरथरते, तिच्यावर धूळ बसली की सूर उतरतो, घासली की चढतो. याच्या पात्यांवर जी धूळ आहे ना, त्या धुळीत ताईच्या सगळ्या अंगाया आहेत. राहू दे मेला घाणेरडा."

माझ्याबद्दल त्यानं बोललेलं हे दुसरं वाक्य मी जपून ठेवलंय.

तेव्हापासून रीत अशी आहे. दोन्ही खोल्यांची दारं सताड उघडी ठेवतात. 'सगळं गप्प' होतं. मी एकटा बोलत राहतो. ताई येते, माझ्या डोक्यावर हात ठेवते, डोळे मिटून माझा सूर ओठांत घेते, आणि तोंडात पाणी धरून चालावं तशी, कुणाकडे न बघता, माइकपर्यंत जाते. ती पोचली की सासूबाई मला झोपवतात. बंद नाही करत, झोपवतात, कारण त्यांचा डाव मोडायचा नसतो. पंखा थांबतो आणि ताई गायला लागते.

धाकट्याचंही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, जळतो. जळतोच. भाता नंतर पांढरी पाच धरून अकॉर्डियन वाजवतो, आणि तो वाजवलेला सूर धाकटा अलगद उचलून थोडा वर सरकवतो, नेमका त्या फटीत नेऊन बसवतो. माझ्याच्यानं हे सात जन्मांत झालं नसतं. हे कबूल करताना माझा पडदा अजूनही फडफडतो.

अंगाया वॉर्ड सुरू व्हायच्या आत पोचल्या. नर्सबाईंचा फोन सासूबाईंच्या खोलीत आला, त्यामुळे मी तो ऐकला. "आता अगदी स्वच्छ येतंय," त्या सांगत होत्या. "सगळी झोपली हो. एक तेवढा जागा होता. त्याच्या जुन्या वॉर्डात आधीचं ऐकलं होतं ना त्यानं. मला विचारतो, गाडी कुठे गेली?"

ताई हसली. मग फोन ठेवून बराच वेळ माझ्याशेजारी बसून राहिली. धाकट्याच्या खोलीत गेली नाही, हे मी बघितलं.

त्या पोराला मी कधी भेटणार नाही. भेटलो असतो तर सांगितलं असतं, गाडी गेली नाही रे, दारापर्यंत सोडायला आली होती.

माझं आता फारसं मागणं नाही. खिडकीतून ऊन येतं ते माझ्यावर येऊ देऊ नका. सासूबाईंना एखादा डाव जिंकू द्या. आणि कुणी कितीही प्रेमानं फडकं घेऊन आलं, तरी माझी धूळ पुसू देऊ नका.

एक दुखणं मात्र आहे. आता ताईच्या नव्या अंगाया कशा असतात, मला माहीत नाही. धाकट्याला माहीत आहे, भात्याला माहीत आहे, त्या वॉर्डातल्या पोरांना माहीत आहे. मला फक्त त्यांच्या आधीचा तिचा हात माहीत आहे. सगळ्यांना अंगाई ऐकता ऐकता झोप लागते. मला मात्र ती सुरू व्हायच्या आतच झोपवतात.